आत जाण्याची खटपट

तीर्थरूप थोरल्या जाऊबाई यांना,

हल्ली वाकलं की उठवायला दुसरं माणूस लागतं, म्हणून खुर्चीत बसूनच नमस्कार करते. तो वाकून केला असं समजून घ्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? डावा म्हणतेय. मागच्या पत्रात मी उजव्याची चौकशी केली होती (त्यावर तुमचं उत्तर आलं की दुखतो तो डावा, आणि चाळीस वर्षांत तुला एवढंही कळू नये). डोळ्यांचं ऑपरेशन झालं का? झालं असेल तर हे पत्र तुम्ही स्वतः वाचत असाल, नसेल तर शेजारच्या मास्तरीणबाई वाचून दाखवत असतील. मास्तरीणबाई, तुम्हालाही नमस्कार. पुढचा मजकूर जरा पोलीस चौकीचा आहे, तेव्हा खिडकी लावून घ्या आणि आवाज बेताचा ठेवा. आमच्या जाऊबाईंना तशीही खिडकी लावलेलीच आवडते.

सात महिन्यांनी माझं पत्र, आणि तेही इतकं जाड, म्हणजे कोणीतरी गेलं असं तुमच्या मनात आलं असेल. कोणी गेलेलं नाही. मी मात्र जाऊन आले. तुरुंगात. नऊ दिवस. घाबरू नका, आधी पाणी प्या (मास्तरीणबाई, त्यांना पाणी द्या). मला कोणी फसवलं नाही, अडकवलं नाही. मी आपल्या पायांनी, पूर्ण विचार करून, चांगली दीड महिना खटपट करून गेले. आपल्या घराण्यात आजवर कोणी तुरुंगात गेलं नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण आपल्या घराण्यात आजवर कोणाचं म्हातारपणही नीट निघालेलं नाही, याचाही कोणीतरी विचार करायला हवा होता.

आमचा गणवेशांचा कारखाना बंद झाला हे मी कळवलं होतं. एकतीस वर्षं मी तिथे काजं केली. बाकीच्या बायका कॉलर लावायच्या, बाह्या जोडायच्या, अस्तर बसवायच्या. माझ्याकडे फक्त काजं. नर्सांची, कंडक्टरांची, बंबवाल्यांची, पोलिसांची, कैद्यांची. (पोलिसांच्या शर्टाला सात काजं आणि कैद्यांच्या सदऱ्याला चारच. पळणाऱ्याला कपडे चढवायला कमी वेळ लागावा, ही सरकारची सोय मला शेवटपर्यंत कळली नाही.) बंद करताना मालकांनी भाषण केलं, रडले, आणि प्रत्येकीला भिंतीवरचं एकेक घड्याळ दिलं, म्हणजे आता आपल्याकडे किती वेळ रिकामा आहे ते बघत बसायला. फंड मिळाला तो आमच्या ह्यांच्या दुखण्यात गेला. आधी फंड संपला, मग हे. उरली ती तिसऱ्या मजल्यावरची खोली, आणि आता तीही घरमालकाला हवी आहे. त्याच्या जावयाला तिथे दातांचा दवाखाना थाटायचा आहे. जावई आठवड्यातून दोनदा येतो, माझ्या पलंगाच्या जागी त्याची ती मागे कलणारी खुर्ची बसेल का ते टेप लावून मापतो, आणि जाता जाता माझे दात बघतो. पुढच्या महिन्याच्या अखेरीस खोली सोडायची आहे.

तुम्ही म्हणाल, मग मला का कळवलं नाहीस. त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे, पण मास्तरीणबाईंना माहीत नसेल म्हणून लिहिते. मास्तरीणबाई, आम्ही दोघी दोन सख्ख्या भावांच्या बायका. अकरा वर्षं एका स्वयंपाकघरात काढली. ओट्यासमोर एकच खिडकी होती. ती उघडी असली की या जाऊबाईंना वारा लागायचा आणि बंद असली की मला सुईत दोरा ओवता यायचा नाही. अकरा वर्षं ती खिडकी दिवसातून वीस वेळा उघडली आणि वीस वेळा लागली, आणि शेवटी बिजागरीच निखळली तेव्हा भावाभावांनी वेगळं व्हायचं ठरवलं. कपाट एकच होतं, वर-खाली दोन भागांचं. वरचा आरशाचा भाग यांच्याकडे गेला, खालचा माझ्याकडे आला. पुढे आमचे हे गेले, तेव्हा या बाईंनी मला दोन ओळी लिहिल्या, मागची खोली रिकामी आहे, ये राहायला. आणि मी काय उत्तर पाठवावं? एका कार्डावर एक ओळ. माझे हातपाय अजून चालतात. ते कार्ड पेटीत टाकलं आणि त्याच क्षणी परत काढावंसं वाटलं. पेटीच्या फटीतून हात घालून पाहिला, पण तो मनगटाशी अडकला, आणि एका पोस्टमनने तो सोडवून देताना मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. तुम्ही त्यानंतर पुन्हा विचारलं नाहीत, जाऊबाई, आणि का विचारावं? आता हातपाय चालत नाहीत, खोलीही चालली, असं मी कोणत्या तोंडाने कळवणार होते? त्यापेक्षा तुरुंग सोपा वाटला.

एकदम तुरुंगावर उडी मारली असं नाही. आधी एक वृद्धाश्रम बघून आले. तिथली बाई माझ्याशी तीन वर्षांच्या पोरीशी बोलावं तशी बोलत होती. आता आपण जिना चढायचा हं, आता आपण खोली बघायची हं. म्हणत होती आपण, पण जिना मी एकटीच चढले, ती लिफ्टने आली. खोली चांगली होती. अनामत रकमेचा आकडा ऐकला आणि मला आधी वाटलं की बाई मला तिथला टेलिफोन नंबर सांगतेय. उतरताना मी न विचारता लिफ्टमध्ये शिरले, तेवढंच काय ते पदरात पडलं.

त्याच आठवड्यात दवाखान्याच्या रांगेत मला तुरुंगातल्या जमादारीणबाई भेटल्या. कैद्यांचे कपडे मोजून घ्यायला त्या दरवर्षी आमच्या कारखान्यात यायच्या. आधी चाव्यांचा आवाज यायचा, मग बराच वेळ त्या येत राहायच्या, एवढ्या ऐसपैस. रांग मोठी होती, त्यामुळे बायकांच्या तुरुंगाची इत्थंभूत माहिती मिळाली. सकाळी नाश्ता, दोन वेळा जेवण, आठवड्याला डॉक्टर. चष्मा फुकट, दात फुकट (हे घरमालकाच्या जावयाने ऐकायला हवं होतं). वाचायला पुस्तकं, थंडीत दोन कांबळी, आणि वर पहारा, म्हणजे चोरांची भीती नाही. एक म्हातारी म्हणे किरकोळ चोरीसाठी आत आली आणि सुटकेच्या दिवशी सापडेचना. सगळा तुरुंग पालथा घातला तेव्हा शिवणखोलीत कापडाच्या गठ्ठ्यांमागे दडून बसलेली मिळाली. तिला ओढून बाहेर काढलं, सोडलं, तर पंधरा दिवसांत तीच चोरी करून परत हजर. जमादारीणबाई हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगत होत्या. मला मात्र ऐकता ऐकता माझा नंबर कधी येऊन गेला तेही कळलं नाही.

आता गुन्हा कोणता करायचा, यासाठी जाणकार माणूस हवा. आमच्या जिन्याखाली एक अर्ज टाइप करून देणारे गृहस्थ बसतात. जन्मभर कोर्टाचे कागद बडवून त्यांना कायदा वकिलांपेक्षा जास्त येतो. त्यांना म्हटलं, माझ्या ओळखीच्या एका बाईंसाठी विचारायचंय. (ते म्हणाले, ओळखीच्या बाईंनी स्टुलावर बसावं.) त्यांनी समजावलं ते असं. मारामारी या वयात झेपणार नाही. खोट्या सह्या करायला हात स्थिर लागतो. तो माझा आहे, पण ज्यांच्या सह्या मला येतात त्यांच्यापैकी कोणाच्याच सहीला काही किंमत नाही. राहता राहिली चोरी. त्यातली अडचण अशी, की पहिलाच गुन्हा, त्यात बाई, त्यात म्हातारी, म्हणजे समज देऊन घरी पाठवतात. तसं होऊ नये असं वाटत असेल तर मुख्य गोष्ट एकच, पश्चात्ताप दिसता कामा नये. पश्चात्ताप दिसला की न्यायाधीश विरघळतात आणि सगळं मुसळ केरात. त्या दिवसापासून मी रोज निर्लज्ज चेहरा करायचा सराव सुरू केला. आरसा तुमच्याकडे, म्हणून ताटात बघून करायचे. ताटात तोंड पसरट दिसतं, त्यामुळे बऱ्यापैकी जमतंय असं वाटायचं.

पहिला प्रयत्न कपड्यांच्या मोठ्या दुकानात. बेत सोपा होता. सगळ्यात महाग कोट घ्यायचा, घालून बघायच्या खोलीत जाऊन अंगात चढवायचा आणि सरळ बाहेर चालू पडायचं. दारातलं यंत्र बोंबलेल, पहारेकरी धरेल, पुढचं सगळं सरकार बघेल. कोट घेतला, खोलीत गेले, बटण लावायला काजाला हात घातला आणि तिथेच घोडं अडलं. जाऊबाई, काय सांगू तुम्हाला. यंत्राने पाडलेली काजं, दोऱ्यांची टोकं लोंबतायत, आणि दुसरं तर चक्क तिरकं कापलेलं. एवढ्या किमतीच्या कोटाला. तसला कोट घालून मी पकडली गेले असते आणि कारखान्यातल्या बायकांनी ते ऐकलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. पिशवीत सुई-दोरा असतोच. आतून कडी लावली, स्टुलावर बसले, आणि पाचही काजं उसवून पुन्हा केली. बाहेर रांग लागली होती असं नंतर कळलं.

मग कोट चढवला आणि निघाले. यंत्र बोंबललं, पहारेकऱ्याने हटकलं, मॅनेजर धावत आले. मी स्पष्ट शब्दांत सांगितलं की मी चोर आहे. मॅनेजरांनी काजं पाहिली, उलटून पाहिली, आणि त्यांचा चेहराच बदलला. झालं होतं असं, की त्यांनी सकाळीच कामगार पुरवणाऱ्या एजन्सीला फोन करून शिवणकामाची बाई मागवली होती आणि ती बाई आलीच नव्हती. म्हणजे त्यांच्या मते आता आली होती. गिऱ्हाइकांच्या खोलीत बसून काम करायचं नसतं एवढं बोलून त्यांनी मला तळघरात नेलं, तिथे आखूड करायच्या पँटींचा ढीग होता. मी पुन्हा चोर म्हटलं, तेव्हा ते म्हणाले की एजन्सीला सगळ्याच बायका चोर म्हणतात, पैशांचं त्यांच्याशी नंतर बघा, आधी पँटी संपवा. संध्याकाळी दिवसाची मजुरी हातावर ठेवून उद्याही या म्हणाले. मी गेले नाही. एका दिवसात डोळ्यांसमोर काळे ठिपके नाचायला लागले होते, आणि सुईत दोरा ओवायला शेवटी पहारेकऱ्याला बोलवावं लागलं होतं. मला नोकरी नको होती, जाऊबाई. मला बसायचं होतं.

यावरून मी एवढंच शिकले की मध्ये दुकानदार नको. थेट पोलीस चौकीतच चोरी करायची, म्हणजे वस्तूही पोलिसांची, साक्षीदारही तेच आणि धरायलाही तेच. छत्री हरवल्याची तक्रार घेऊन गेले. समोर एक तरुण फौजदार होते, दमलेले, डोळ्यांखाली काळं झालेलं. ते लिहायला वाकले आणि माझी नजर त्यांच्या शर्टावर गेली. काज संपवताना मी शेवटी दोन वेढे देते आणि दोरा आत ढकलते. बाकीच्या बायका गाठ मारतात. त्यांच्या छातीवर सात काजं होती आणि सातही माझी. इतकी वर्षं केली, पण कोणाच्या अंगावर अशी समोरासमोर मी पहिल्यांदाच पाहत होते. ऊर भरून आला. तिसरं बटण मात्र एका दोऱ्यावर लोंबत होतं. (काज माझं, बटण दुसऱ्या बाईचं. कोणत्या ते लिहीत नाही. ती तेव्हाही गप्पांच्या नादात दोनच वेढे द्यायची.) हात शिवशिवायला लागले. पण मी स्वतःला बजावलं, दुकानात काय झालं ते आठव, तू इथे शिवायला आलेली नाहीस. फौजदार दुसरी वही आणायला उठले, तेवढ्यात टेबलावरची त्यांची टोपी पिशवीत घातली आणि चालू लागले.

कोणी अडवलंच नाही. फाटकाबाहेर पाच मिनिटं उभी राहिले, एका हवालदाराने उलट रस्ता ओलांडायला मदत केली. शेवटी पुन्हा रस्ता ओलांडून आत आले आणि फौजदारांना सांगितलं की तुमची टोपी चोरीला गेली आहे आणि ती मी चोरली आहे.

"आजी, टोपी द्या आणि घरी जा," ते म्हणाले.

"आजी नाही," मी म्हटलं, "आरोपी म्हणा."

मग मी पिशवी मांडीवर घट्ट धरून बाकावर बसले. ते समजावत राहिले, चहा मागवला, मी चहा घेतला पण टोपी दिली नाही. माझ्या हातून पिशवी काढून घ्यायला बाई पोलीस लागते आणि ती नेमकी रजेवर होती. (पिशवीत हात होता, टोपीचं अस्तर एका बाजूने सुटलेलं लागलं, म्हणून बसल्या बसल्या चार टाके घातले. पुराव्यात ढवळाढवळ केली म्हणून आणखी एखादं कलम लागेल अशी आशा होती, पण नाही लागलं.) तासाभराने मोठे साहेब फेरीवर आले. त्यांनी उघड्या डोक्याचे फौजदार पाहिले आणि टोपी कुठे आहे विचारलं. एवढ्या लोकांसमोर ते खोटं कसं बोलणार? गुन्हा नोंदवावाच लागला. लिहिताना बिचाऱ्याचे रकाने चुकत होते. सही कुठे करायची तेही मीच दाखवलं.

खटला उभा राहीपर्यंत मला बायकांच्या तुरुंगात ठेवलं, ते नऊ दिवस. जमादारीणबाईंनी मला पाहून कपाळावर हात मारला, पण पलंग चांगला दिला. बाकी सगळं त्यांनी सांगितल्याप्रमाणेच निघालं. चादर उलटून पाहिली तर आमच्याच कारखान्याची, दुहेरी शिलाईची. जेवण घड्याळाच्या ठोक्याला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की अजून पंधरा वर्षं काही होत नाही तुम्हाला (हे त्यांनी आनंदाची बातमी म्हणून सांगितलं). आणि बायका सगळ्या माझ्याशी इतक्या चांगल्या वागल्या की विचारू नका. उन्हाची जागा मला, पहिला चहा मला, जिन्यावर हाताला धरून. नऊ दिवसांत कोणी एक शब्द उलट बोललं नाही. चौथ्या दिवसापासून मला ते सहन होईना. खोलीला खिडकी होती, पण ती छताजवळ, काच पक्की बसवलेली. ती उघडतही नव्हती आणि लागतही नव्हती, तेव्हा तिच्यावरून कोणी कोणाशी काय बोलणार? मी तिच्याकडे बघत पडायचे आणि मनातल्या मनात तुमच्याशी भांडायचे. तुमचं बोलणंही मीच बोलायचे. त्यातही तुम्हीच जिंकायचात.

सहाव्या दिवशी भेटीचा दिवस होता. त्या दिवशी सकाळपासून तुरुंगात वेगळीच धांदल असते. धुतलेले सदरे निघतात, एकमेकींच्या वेण्या घातल्या जातात. ती गठ्ठ्यांमागे लपणारी म्हातारी माझ्या शेजारच्याच पलंगावर होती. तिनेही तोंड धुतलं, केस विंचरले, हातरुमालाची चौकोनी घडी केली आणि दहा वाजता भेटीच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसली. मी तिच्याजवळ बसले. एकेकीचं नाव पुकारत होते, ती आत जात होती. बारा वाजता दार लागलं तेव्हा बाकावर आम्ही दोघीच होतो. जमादारीणबाईंनी नंतर सांगितलं की चार वर्षांत तिच्याकडे कोणी आलेलं नाही. मी तिला विचारलं, कोणाची वाट बघत होता.

ती म्हणाली, "कोणाची नाही. पण कोणी आलंच, तर केस विस्कटलेले नकोत."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुपारी कारकून माझा कागद भरायला आला. भेटीला कोण येईल, नाव, पत्ता, नातं. मी तुमचं नाव सांगितलं. नात्याच्या जागी जाऊ म्हटलं, तर तो म्हणतो, तसलं लांबचं नको, जवळचं सांगा. मी म्हटलं, अकरा वर्षं आम्ही एका ओट्यापाशी भांडलोय, याच्याहून जवळचं काय असतं ते तूच सांग. त्याने लिहून घेतलं. मी त्या कागदावर तुमचं नाव बघत राहिले. इतकी वर्षं झाली, इतके लोक भेटले, पण भेटीला कोण यावं असं विचारल्यावर मला दुसरं नावच आठवलं नाही. फार आठवण आली तुमची. हे तोंडाने कधी सांगितलं नसतं, म्हणून लिहून टाकते.

नवव्या दिवशी कोर्ट. न्यायाधीश एक बाई होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चेहऱ्यावर माया नाही. मला बरं वाटलं. मी गुन्हा कबूल केला, टोपी मुद्दाम चोरली आणि परत द्यायला नकार दिला हेही सांगितलं. फौजदार साक्षीला उभे राहिले. त्यांनी माझी बाजू घ्यायचा फार प्रयत्न केला, टोपी पहिल्यापेक्षा चांगल्या स्थितीत मिळाली म्हणाले. पण न्यायाधीशबाई काही पाघळल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं की केल्याचा पश्चात्ताप होतो का. हाच तो प्रश्न, जाऊबाई. महिनाभर मी ताटासमोर याचीच तयारी केली होती. अजिबात नाही, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. मी मान वर केली आणि माझं लक्ष फौजदारांच्या शर्टाकडे गेलं. तिसरं बटण पडलं होतं. एवढ्या मोठ्या कोर्टात तो पोरगा छाती उघडी टाकून उभा होता आणि हाताने सारखी ती फट झाकत होता. चौकीत माझ्याकडे तेव्हा सुई होती, दोरा होता, माणूस हातभर अंतरावर होता, आणि मी गुन्ह्याच्या नादात ते बटण तसंच लोंबत सोडून दिलं. माझ्या तोंडून निघून गेलं, हो बाई, फार होतो. आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी.

मग काय व्हायचं ते झालं. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि इतका खरा पश्चात्ताप आपण पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता असं म्हणाल्या. समज देऊन मला सोडून दिलं. सोबत एक बारीकशी अट घातली, तिचा कागद या पत्राला जोडला आहे, तो सवडीने बघा, घाई नाही. बाहेर आल्यावर मी फौजदारांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि बटण लावून दिलं. दोरा त्यांनीच ओवून दिला. पुन्हा येऊ नका म्हणाले, आणि घरी कोण आहे विचारलं. मी म्हटलं, आहे एक.

तर अशी सगळी हकीकत. काही काम नव्हतं, बरेच दिवसांत पत्र नव्हतं म्हणून सहज लिहिलं. गुडघ्याला शेक देत जा (डाव्या). थंडीचं बाहेर पडू नका. तुमच्या चिरंजीवांचं पत्र आलं तर माझे आशीर्वाद कळवा, पण माझ्या तुरुंगाचं कळवू नका. कळवाल तुम्ही, मला माहीत आहे. मास्तरीणबाई, तुमचा घसा सुकला असेल, आता तुम्हीही पाणी घ्या.

तुमची धाकटी जाऊ
(आरोपी, सध्या बाहेर)

ता. क. – सोबतच्या कागदाबद्दल. अट अशी आहे की मी एक वर्ष कोणा जबाबदार नातेवाइकाच्या घरी, त्याच्या नजरेखाली राहायचं. जबाबदार नातेवाईक म्हणून कोर्टाच्या कारकुनाने तुरुंगाच्या कागदावरचं नाव उतरवून घेतलं. मी त्याला अडवायला हवं होतं. अडवलं नाही. फुली केलेल्या जागी तुमची सही हवी, आणि शेजारी साक्षीदार म्हणून मास्तरीणबाईंची. सवडीने म्हटलं होतं, पण मुदत पंधरा दिवसांचीच आहे.

ता. क. दुसरा – सही आली नाही तर मला परत आत पाठवतील असं जिन्याखालचे टाइपवाले म्हणतात. म्हणजे मला हवं होतं नेमकं तेच. तेव्हा माझ्या मूळ बेताचा विचार केला तर तुम्ही सही न करणंच उत्तम. पण करा.

ता. क. तिसरा – जाऊबाई, मला तुमच्याकडे यायचंय. हे एक वाक्य लिहायला एवढी पानं लागली.

ता. क. चौथा – हुकूम फक्त एका वर्षाचा आहे. वर्ष भरलं की त्याची मुदत वाढवायला मला पुन्हा काहीतरी गुन्हा करावा लागणार, आणि या वयात फार लांब चालवत नाही. तुमच्या घरापासून पोलीस चौकी किती अंतरावर आहे, तेवढं कळवा.